मध्यममार्गी पक्षाची आर्थिक भूमिका आतून डावीकडे नेता येते का? खान्देशातील अनुभव असलेल्यांनी लिहावे

शहादा रोड (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी शहादा तालुक्यात एका मध्यममार्गी पक्षाचे काम करतो. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला पडलेला प्रश्न त्या एका पक्षापुरता नाही आणि नाव आले की चर्चा त्याच नावाभोवती फिरू लागते.

आमच्या जाहीरनाम्यात शेतमजूर, ऊसतोड कामगार, वनहक्क दावेदार, आशा आणि अंगणवाडी सेविका या सर्वांचा उल्लेख न चुकता असतो. उमेदवारी ठरते तेव्हा मात्र ठेकेदार, संस्थाचालक किंवा मोठा बागायतदार यांच्यापलीकडे नजर जात नाही. आणि निवडून आलेला माणूस जिल्हा बँकेच्या पॅनलमध्ये विरोधी पक्षातल्या तशाच माणसाच्या मांडीला मांडी लावून बसतो. आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले आहे की पक्ष सोडायचा नाही, परंतु त्याला जमीन, मजुरी, सार्वजनिक आरोग्य आणि शाळा या प्रश्नांवर स्पष्टपणे डावीकडे सरकवायचे.

परदेशातील दोन उदाहरणे आमच्या बोलण्यात वारंवार येतात. अमेरिकेत २०१८ साली न्यूयॉर्कमधील दहा वेळा निवडून आलेल्या जो क्राउली यांना त्यांच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या तरुणीने हरवले. ब्रिटनमध्ये २०१५ साली मजूर पक्षाच्या सामान्य सदस्यांनी जेरेमी कॉर्बिन यांना नेतेपदी बसवले. आमच्याकडे मात्र सदस्य नोंदणीच्या पावत्या एका माणसाच्या घरात पडून असतात आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा कागद, शेवटच्या रात्री मुंबईहून येतो. अशा स्थितीत आमच्यापुढे कोणता मार्ग राहतो? पक्षात राहून गट बांधावा, आपला उमेदवार अपक्ष उभा करून पक्षाला एकदा पराभवाची किंमत दाखवावी, की वेगळा पक्ष काढून आघाडीत वाटाघाटी कराव्यात? केवळ मत नको, कारणांसह लिहावे ही विनंती.

गिरणाकाठ (जळगाव)

भाऊ, मी वकिली करतो, त्यामुळे आधी कायद्याच्या बाजूने लिहितो. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे असे मला वाटते.

अमेरिकेत पक्षाची उमेदवारी ही सरकारी यंत्रणेने घेतलेल्या मतदानातून ठरते. पक्षनेतृत्वाला न आवडलेला माणूस तिथे जिंकला तरी पक्षाचे नाव त्याच्यापासून हिरावून घेता येत नाही. आपल्याकडे चिन्ह ही पक्षाने द्यायची वस्तू आहे. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीचा फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचला नाही, तर तुमच्या पाठीशी तालुक्यातले सगळे कार्यकर्ते असले तरी तुम्ही कायद्याच्या दृष्टीने अपक्षच. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेसने काही निवडक मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता. ती पद्धत रुजली नाही, आणि ज्यांच्या हाती तिकिटे वाटण्याचा अधिकार आहे त्यांनी तो आपणहून सोडावा अशी अपेक्षा करण्यातही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. समजा, तुमच्या विचाराचा माणूस निवडून आला. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, त्याला सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देता येत नाही; दिले तर सदस्यत्व जाते. पूर्वी एक तृतीयांश सदस्य एकत्र आले तर फूट मान्य होत असे. २००३ च्या घटनादुरुस्तीने तीही वाट बंद केली. ब्रिटनमध्ये खासदार आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत देतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच बाकावर बसतो. आपल्याकडे पाच-दहा आमदारांचा डावा गट विधिमंडळात पक्षाला अडवून धरेल ही कल्पना कायद्यातच बसत नाही. आमदाराला पक्षाच्या बैठकीत बोलता येते, सभागृहात प्रश्न विचारता येतात, अशासकीय विधेयक मांडता येते. मात्र मतदानाच्या वेळी त्याचे बोट पक्षाचे असते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की तुमची सौदाशक्ती निवडणुकीनंतर जवळजवळ शून्य होते. ती असते निवडणुकीपूर्वी, आणि त्यातही उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत. जे काही लेखी घ्यायचे, जाहीर वदवून घ्यायचे किंवा नाकारायचे, ते सर्व त्या काळात.

कॉर्बिन यांच्याबद्दलही एक दुरुस्ती. त्यांना उभे राहण्यासाठी ३५ खासदारांच्या सूचनापत्रांची गरज होती आणि ती मुदत संपण्याच्या काही मिनिटे आधी पूर्ण झाली. त्यांपैकी अनेकांनी केवळ वादविवाद व्यापक व्हावा म्हणून सही दिली होती, त्यांना मत देण्यासाठी नव्हे. सदस्यांनी त्यांना ५९.५ टक्के मतांनी निवडले. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या १७२ खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला आणि केवळ ४० जण बाजूने राहिले. सदस्यांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, २०१७ मध्ये पक्षाला ४० टक्के मते मिळाली, आणि २०१९ मध्ये पक्ष २०२ जागांवर आला. त्यानंतर नेतेपदासाठी लागणाऱ्या सूचनापत्रांची अट वाढवण्यात आली. पद हाती आले आणि यंत्रणा आली नाही, तर काय होते याचे हे उदाहरण आहे. तुमचे सहकारी ते यशाचे उदाहरण म्हणून वापरत असतील तर त्यांनी पुढची चार वर्षेही वाचावीत.

पांझराकाठचे नाना (धुळे)

वकीलसाहेबांनी लंडनचे लिहिले, मी फैजपूरचे लिहितो. शहाद्याहून फैजपूरला एसटीने दिवसभरात जाऊन येता येते, पण आपल्या तरुणांना न्यूयॉर्कची प्राथमिक निवडणूक माहीत असते आणि फैजपूर माहीत नसते, ही मला थोडी गंमत वाटते.

पक्षात राहून पक्षाला डावीकडे नेण्याचा या देशातील सर्वांत मोठा आणि सर्वांत शिस्तबद्ध प्रयत्न म्हणजे १९३४ साली स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष. त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली. ही मंडळी काँग्रेसचे सदस्य राहिली, काँग्रेसच्या समित्यांमध्ये निवडून आली आणि आपला स्वतंत्र कार्यक्रम घेऊन प्रत्येक अधिवेशनात उभी राहिली. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन आपल्या फैजपूरला भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि अधिवेशनाच्या तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले होते. त्याच वेळी किसान सभेचे अधिवेशनही तिथेच ठेवले होते आणि मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायी चालत फैजपूरला पोहोचला होता. मंडपाच्या आत ठराव मांडणारे समाजवादी होते आणि मंडपाच्या दारात चालून आलेले शेतकरी होते. जमिनीचा सारा आणि कुळाने द्यायचा खंड कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता असा शेतीविषयक कार्यक्रम काँग्रेसने तिथे स्वीकारला. जमीनदारी नष्ट करण्याची समाजवाद्यांची मागणी त्यात आली नाही. तरीही एवढा पुढे सरकलेला कार्यक्रम त्या पक्षाने त्यापूर्वी मान्य केला नव्हता.

आता पुढचे पाहा. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस जिंकली आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. फैजपूरचा ठराव ज्यांनी लिहिला ते मंत्रिमंडळात नव्हते. समाजवाद्यांनी मंत्रिपदे स्वीकारण्यालाच विरोध केला होता. त्याच सरकारने १९३८ साली संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांना एकत्र येऊन त्याविरुद्ध मुंबईत संप करावा लागला. ठराव एकाने करायचा आणि खाते दुसऱ्याने सांभाळायचे, अशी ती विभागणी होती. तुमच्या जाहीरनाम्याचे दुखणे नव्वद वर्षांचे जुने आहे.

पद जिंकूनही हात रिकामे राहिल्याचा अनुभव आपल्याला लंडनहून आणायची गरज नाही. १९३९ साली सुभाषचंद्र बोस १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. त्रिपुरीच्या अधिवेशनात त्यांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव झाला, समाजवादी तटस्थ राहिले, आणि एप्रिलमध्ये बोस यांनी राजीनामा दिला. डाव्या गटांची आपसांत एकजूट असती तर काय झाले असते हा प्रश्न मी कायमचा बाजूला ठेवला आहे. मला यातून दिसते ते एवढेच, की मतदानात एकत्र आलेले लोक ठरावाच्या वेळी एकत्र राहतीलच असे नाही, आणि ते राहावेत यासाठी दोन मतदानांच्या मधल्या काळात काम करावे लागते. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने पक्षात पक्ष चालणार नाही असा नियम केला आणि १९४८ मध्ये समाजवादी बाहेर पडले.

बाहेर पडून काय मिळते याचाही आपल्या शेजारचाच दाखला आहे. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. १९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीला त्या पक्षाने एक प्रबंध मंजूर करून उघडपणे मार्क्सवादाचा स्वीकार केला. कार्यक्रम म्हणून तो प्रबंध आजही वाचण्यासारखा आहे. पण काही वर्षांतच संस्थापकांपैकी जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले, आणि यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात बहुजन समाजातील डावी मंडळी एकेक करून सामावली गेली. कॉम्रेड शरद पाटील यांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून आमच्या धुळ्यातून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, तो वर्गाइतकेच जातीलाही लढ्याचे क्षेत्र मानावे या आग्रहातून. त्यांचा विचार महाराष्ट्रभर चर्चिला गेला आणि आज जे लोक त्यांचे नावही घेत नाहीत तेही त्यांची भाषा बोलतात. निवडणुकीत मात्र तो पक्ष छोटाच राहिला. विचार पसरवायचा असेल तर वेगळे होण्याला अर्थ आहे, जागा जिंकायच्या असतील तर फार थोडा, असे माझे मत या जिल्ह्यात आयुष्य घालवून झाले आहे.

मग पक्ष डावीकडे सरकतो तरी केव्हा? २००४ ते २००८ हा काळ पाहा. काँग्रेसला स्वतःच्या १४५ जागा होत्या आणि डाव्या पक्षांकडे ५९. त्यांनी मंत्रिपदे घेतली नाहीत, पण किमान समान कार्यक्रम लेखी करून घेतला. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा आणि माहिती अधिकार २००५ मध्ये, वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यामागे अनेक जनसंघटनांचा रेटा होता हे खरेच, तरी सरकारला बहुमतासाठी लागणारी संख्या डाव्यांकडे नसती तर हे कायदे त्या स्वरूपात झाले नसते. २००८ मध्ये अणुकराराच्या प्रश्नावर त्यांनी पाठिंबा काढला आणि २००९ मध्ये ते २४ वर आले. मजुरी आणि जमीन यांवर मिळवलेली ताकद त्यांनी शेतमजुराला समजावून सांगता न येणाऱ्या प्रश्नावर खर्च केली. यावर माझ्याशी भांडणारे कॉम्रेड आजही धुळ्यात आहेत आणि त्यांनी खुशाल भांडावे.

कापूसवाला (चोपडा)

नानांचा इतिहास आदराने वाचला. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जात आहे, ती अशी की ‘डावीकडे’ म्हणजे गरिबांकडे आणि गरीब म्हणजे सगळे एकाच बाजूचे. आमच्याकडे तसे नाही.

माझी जिरायती जमीन आहे आणि मी कापूस लावतो. वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर ठरते आणि वेचणारी माणसे बहुतेक सातपुड्याकडची पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबे असतात. त्यांची मजुरी वाढावी असे माझा विवेक म्हणतो, आणि भाव हमीदराच्या खाली असताना ती वाढली की माझे घर तोट्यात जाते. प्रश्नकर्त्या भाऊंचा गट शेतमजुराची किमान मजुरी हा पहिला मुद्दा करील, तर गावातला दहा एकरवाला पहिल्याच सभेत उठून जाईल. त्याला बागायतदार म्हणून हिणवून चालणार नाही, कारण मतदान केंद्रावर बूथ लावायला माणूस त्याच्याच घरातून येतो.

सरकारने सगळे करावे या विचाराचाही अनुभव आम्ही घेतला आहे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. खाजगी व्यापाऱ्याला राज्यात कापूस विकायला बंदी. कागदावर याहून डावी योजना दुसरी नसेल. प्रत्यक्षात चुकारे रखडले, ग्रेडिंगमध्ये हात ओले करावे लागले, आणि भाव बाहेर चढा असला की आमचे लोक रात्री मध्य प्रदेशच्या किंवा गुजरातच्या हद्दीत गाड्या नेत. शेवटी योजना तोट्यात बुडाली. खुल्या बाजाराची मागणी करणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला आमच्या भागात जो प्रतिसाद मिळाला तो उगाच नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पक्षाला दिशा देण्याआधी तुमच्या गटाने हे सांगावे की मजुरीचा वाढीव बोजा कोण उचलणार. वेचणीची मजुरी रोजगार हमीतून अंशतः द्यावी, सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी केंद्रे दिवाळीआधी सुरू व्हावीत, असे काही ठोस असेल तर मी स्वतः तुमच्या सभेला येईन. नुसते ‘डावे’ हे लेबल घेऊन आलात तर माझ्यासारखे पुष्कळ लोक दार लावून घेतील.

मोलगीची ताई (अक्कलकुवा)

कापूसवाले दादा, तुमची अडचण मला मान्य आहे, आणि तुम्ही ती लपवली नाही हे बरे केले. मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. वेचणीला येणारी जी कुटुंबे तुम्ही म्हणता, त्यांच्यात आमचे काम चालते. मी कोणत्याही पक्षाची सदस्य नाही.

१९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली आणि अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर एकवटले, तेव्हा त्यांच्या हातात एकही आमदार नव्हता. गहाण पडलेल्या, फसवून लिहून घेतलेल्या जमिनी परत मागणे आणि मजुरी वाढवून मागणे एवढेच होते. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे आणि तो काँग्रेसच्याच सरकारने केला. २०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी मुंबईला गेला तेव्हा सरकार भाजपचे होते. वनहक्क दाव्यांच्या निपटाऱ्याचे आश्वासन त्या सरकारलाही लेखी द्यावे लागले. ते कितपत पाळले गेले हे आमच्या गावांत येऊन पाहावे. मुद्दा असा की पक्षाचा रंग बदलण्याची वाट न पाहताही त्याच्याकडून डावे काम करून घेता येते, पण त्यासाठी आधी माणसे एकत्र असावी लागतात आणि आश्वासनानंतरही ती एकत्र राहावी लागतात.

आता मतांचे बोलू, कारण प्रश्न निवडणुकीच्या डावपेचांचा आहे. २०२४ च्या लोकसभेत धुळ्याची जागा ३,८३१ मतांनी ठरली. त्याच वर्षी विधानसभेला नवापूरचा निकाल १,१२१ मतांनी लागला. आमच्या अक्कलकुव्यातही मताधिक्य तीन हजारांच्या आतच होते, आणि तिथे तिसरा तगडा उमेदवार अपक्ष होता. अशा मतदारसंघांत दोन हजार कुटुंबांची खरी, नावनिशीवार यादी ज्याच्याकडे आहे, त्याला कोणत्याही पक्षाचा उमेदवार स्वतः फोन करतो. मी ‘खरी यादी’ म्हणते, कारण सभेला जमलेली गर्दी पुष्कळांना दाखवता येते आणि उमेदवारांना तिची किंमत चांगली कळते.

आणि इथेच आमच्या लोकांचे घोडे अडते. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. त्याच्या पाच दिवस आधी, १५ नोव्हेंबरला, राज्यातला गाळप हंगाम सुरू झाला होता. आमच्याकडची माणसे दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गुजरातला नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मतदानासाठी परत यायचे म्हटले तर दिवसाची मजुरी जाते आणि भाडे अंगावर पडते. लोकसभेचे मतदान नंदुरबारला १३ मे रोजी होते, तेव्हा हीच माणसे घरी होती. दोन निवडणुकांच्या निकालांतला सगळा फरक यामुळे पडला असे मी म्हणणार नाही. तो पडला त्याला उमेदवार, पैसा, लाडकी बहीण योजना अशी पुष्कळ कारणे आहेत. पण ज्या वर्गाच्या जोरावर तुम्ही पक्षाला डावीकडे नेऊ म्हणता, तो वर्ग नोव्हेंबरच्या मतदानाला गावात नसतो, ही गोष्ट तुमच्या योजनेत पहिल्या पानावर यायला हवी. मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे. ती फडात मिळावी आणि यायची गाडी मिळावी म्हणून साखर कारखाना आणि मुकादम यांच्याकडून आधी कबुली घेणे, हेच मी तुमच्या जागी असते तर पहिले काम समजले असते.

अपक्ष उभे करून पाडण्याबद्दल विचारले आहे. ते एकदाच जमते, आणि तेही पडलेल्या उमेदवाराला व पक्षाला आधीपासून लेखी माहीत असेल तर की तो कशासाठी पडणार आहे. निवडणुकीनंतर ‘आम्ही तुम्हाला पाडले’ असे सांगणारे गावोगाव दहा निघतात. त्यातला खरा कोण हे कोणीच तपासत नाही. शिवाय पडल्यावर जो निवडून येईल तो तुमच्या मजुरांशी कसा वागेल, याचा हिशेब तुमच्या गटाला नाही तर त्या मजुरांना चुकवावा लागतो. पाड्यावरच्या बाईला विचारल्याशिवाय हा निर्णय तालुक्याच्या ठिकाणी चहा पीत घेऊ नये.

शहादा रोड (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. नाना, फैजपूरला मी लग्नाच्या वऱ्हाडात जाऊन आलो आहे, अधिवेशनाच्या जागी गेलो नाही, आता जाईन.

ताईंच्या उत्तराने आमच्या विचाराचा क्रम बदलला, हे कबूल करतो. आम्ही जिल्हाध्यक्षपदाकडे पाहत होतो. आता आमच्यासमोर दोन शंका उरतात. कापूसवाल्या दादांनी मांडलेला मजुरीचा प्रश्न आणि ताईंनी मांडलेला स्थलांतराचा प्रश्न एकाच मागणीपत्रात घालायचा, तर त्यावर सही करायला लहान शेतकरी आणि मजूर दोघेही तयार होतील असा मजकूर आम्हाला अजून सुचलेला नाही. दुसरी शंका वकीलसाहेबांना: विधानसभेच्या आधी पक्षाच्या चिन्हाशिवाय आमची ताकद मोजून पाहता येईल अशी एखादी निवडणूक आहे का?

कापूसवाला (चोपडा)

सीसीआय केंद्र वेळेवर आणि वेचणीच्या मजुरीत रोजगार हमीचा वाटा, या दोन ओळींवर मी सही करतो. माझ्या गावातून आणखी काही जणांच्या सह्या आणून देईन. रोजगार हमीचा पैसा खाजगी शेतातल्या वेचणीवर खर्च करायला आजच्या नियमांत जागा नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच ती मागणी राज्याकडे नियम बदलण्याची म्हणून लिहा, तहसीलदाराकडे नेऊ नका.

गिरणाकाठ (जळगाव)

दुसऱ्या शंकेचे उत्तर: दोन निवडणुका आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक महाराष्ट्रात पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे एबी फॉर्मचा प्रश्नच येत नाही आणि पक्षशिस्तीची कारवाई करायलाही कोणाला फारसा आधार सापडत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत मात्र चिन्ह असते आणि सदस्यांना १९८६ चा राज्याचा पक्षांतरविरोधी कायदा लागू होतो, तेव्हा गट-गणाच्या निवडणुकीला चाचणी समजू नका.

दुसरी निवडणूक बाजार समितीची. तिथे १८ संचालकांपैकी ११ सोसायट्यांच्या (गावच्या सहकारी कर्जसंस्थांच्या) मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायत मतदारसंघातून, २ व्यापाऱ्यांतून आणि १ हमाल-मापाडी मतदारसंघातून येतो. तुमच्या पक्षातले पुढारी विरोधकांशी समेट करून जे पॅनल बनवतात ते प्रामुख्याने सोसायटीच्या ११ जागांसाठी असते. तिथे तुम्ही लगेच शिरू शकणार नाही, कारण मतदार सोसायट्यांचे संचालक असतात आणि ते आधीच कोणाच्या तरी कर्जाच्या मर्यादेत अडकलेले असतात. ग्रामपंचायतीच्या ४ जागांमध्ये एक जागा आर्थिक दुर्बल घटकासाठी आणि एक अनुसूचित जाती-जमातीसाठी राखीव असते. आधी ग्रामपंचायतींत सदस्य निवडून आणले, तर त्याच सदस्यांच्या मतांवर या दोन जागा आणि हमाल-मापाडींच्या मतांवर त्यांची एक, अशा तीन जागा लढवता येतात. अठरांत तीन हा आकडा लहान आहे. पण जिनिंगवाल्यांशी वजनकाट्यावरून वाद होतो तेव्हा सभेच्या इतिवृत्तात कोणाचे म्हणणे नोंदले जाते, ते या तिघांवर ठरू शकते. मतदारयादी तयार होताना हरकती घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा यादी प्रसिद्ध होण्याआधीच सदस्यांच्या नावांची पडताळणी करून ठेवा.